चरबीची गोळी आणि चिडका स्वभाव : अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमविषयी अभिप्राय

ज्याच्या औषधांच्या डब्यात कोलेस्टेरॉलची गोळी नाही, असा साठी ओलांडलेला माणूस माझ्या ओळखीत आता विरळाच आहे. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात सकाळी फिरायला येणारी आमची मंडळी रक्तदाब आणि साखरेच्या जोडीने एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, आकडेही एकमेकांना सांगतात आणि या गोळीची परीक्षा साधारणपणे दोनच प्रश्नांवर करतात: रिपोर्ट किती उतरला आणि पाय दुखतात का. माणसाच्या स्वभावावर तिचा काही परिणाम होतो का, हा तिसरा प्रश्न घरात विचारला जातो, दवाखान्यात सहसा नाही. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम मी बराच काळ घेतली आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे थोडक्यात देऊन हा अभिप्राय मुख्यतः तिसऱ्याविषयी लिहीत आहे. मी डॉक्टर नाही. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो असल्यामुळे शोधनिबंध चिकाटीने वाचण्याची सवय आहे, एवढेच.

गोळी सुरू झाली तेव्हा माझे एलडीएल १६४ होते आणि पुढच्या तपासणीत, त्याच लॅबमध्ये, ते ९३ आले. वीसच्या मात्रेकडून साधारण चाळीस टक्क्यांच्या आसपास घट अपेक्षित असते, म्हणजे गोळीने आपले काम चोख केले. या गटातील सर्व औषधे, ज्यांना स्टॅटिन म्हणतात, यकृतातील एचएमजी-कोए रिडक्टेज या विकराला अडवतात. यकृताला स्वतःचे कोलेस्टेरॉल पुरेसे बनवता येईनासे झाले की ते आपल्या पेशींवरचे एलडीएल पकडणारे रिसेप्टर वाढवते आणि रक्तातला साठा उचलू लागते. मात्रा दुप्पट केली म्हणून परिणाम दुप्पट होत नाही, प्रत्येक दुपटीमागे एलडीएलमध्ये जेमतेम आणखी सहा टक्क्यांची घट होते. ‘दहाची कशाला, वीसचीच घ्या, लवकर उतरेल’ असा सल्ला बाकावर बसून देणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. शिवाय अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकत असल्यामुळे ती रात्रीच घेतली पाहिजे असे नाही. सिम्व्हास्टॅटिनसारख्या लवकर उतरणाऱ्या औषधाला लागू असलेला रात्रीचा नियम केवळ सवयीने हिलाही लावला जातो, आणि झोपेची तक्रार असणाऱ्याने तरी ती सकाळी घेता येईल का हे आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावे.

जपानमधील अकिरा एंडो यांनी १९७१ साली टोकियोतील सांक्यो कंपनीत बुरशीच्या हजारो जाती तपासायला घेतल्या आणि १९७३ मध्ये पेनिसिलियम सिट्रिनम या बुरशीतून कॉम्पॅक्टिन हा या कुळातला पहिला रेणू मिळवला. १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली. पण या औषधांवर जगाचा विश्वास बसला तो १९९४ साली, स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवर सिम्व्हास्टॅटिनची जी चाचणी झाली तिच्या निष्कर्षांमुळे. तिच्यात कोणत्याही कारणाने होणारे एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. एवढा ठोस लाभ फार थोड्या औषधांच्या वाट्याला येतो. तेव्हा ज्याला एकदा झटका येऊन गेला आहे किंवा ज्याची अँजिओप्लास्टी झाली आहे त्याने मनातल्या शंकेवरून ही गोळी परस्पर बंद करू नये, हे पुढे पुन्हा पुन्हा सांगण्याऐवजी इथेच सांगून ठेवतो.

पायांच्या बाबतीत माझी तक्रार नाही. पोटऱ्या कधी कधी भरून येतात, पण त्या गोळीआधीही येत होत्या.

आता तिसरा प्रश्न. उन्हाळा सुरू झाल्यावर केव्हातरी सौभाग्यवतींनी सांगितले, “अहो, तुम्ही पूर्वी असे अंगावर येत नव्हता.” निमित्त क्षुल्लक होते, सात रस्ता चौकात रिक्षावाल्याशी सुट्या पैशांवरून मी जो आवाज चढवला तो त्यांना माझा वाटला नाही. त्याच सुमारास झोपही उथळ झाली होती, पहाटे तीनला जाग येऊन डोळे छताकडे लागत. मला स्वतःला त्यात काही विशेष जाणवले नव्हते आणि माझ्या मते या विषयातली खरी अडचण तीच आहे. पाय दुखले तर ते दुखणाऱ्याला कळते. स्वभाव बदलला तर तो आधी शेजारच्याला कळतो, आणि दवाखान्यात आत जाऊन बसतो तो मात्र पेशंट एकटाच.

गोळीसोबत याविषयी काही लिहून येते का, ते मी पाहिले. ज्या मेडिकलमधून मी पहिल्यापासून औषधे घेत होतो, तिथे पंधरा गोळ्या मागितल्या की दहाच्या एका पट्टीबरोबर दुसरी पट्टी कात्रीने अर्धी कापून दिली जाते. माझ्या वाट्याला आलेल्या अर्ध्या पट्टीवर लाल उभ्या रेषेचा शेवट, ‘शेड्यूल एच’च्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या, इशाऱ्याचा मधलाच तुकडा आणि कंपनीच्या पत्त्यातला पिन कोड होता; मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक दुसऱ्या कुणाच्या तरी खिशात गेले होते. माहितीपत्रक नावाची वस्तू पुठ्ठ्याच्या खोक्यात असलीच तर ती खोक्याबरोबर रद्दीत जाते. काउंटरवरचा तरुण पूर्व भागातल्या आजींशी तेलुगूत, अक्कलकोटच्या गिऱ्हाइकाशी कन्नडात आणि माझ्याशी मराठीत तितक्याच सफाईने बोलतो, आणि मला ते ऐकायला फार आवडते. पण झोपेविषयी विचारल्यावर तो म्हणाला, “काका, ही चरबीची गोळी आहे, हिचा डोक्याशी काय संबंध?” तीन भाषांत मिळू शकली असती अशी माहिती एकाही भाषेत मिळाली नाही.

संबंध अगदीच नाही, असे औषधनिर्मातेही म्हणत नाहीत. युरोपात हेच औषध विकताना जे पत्रक द्यावे लागते, त्यात निद्रानाश, दुःस्वप्ने, स्मरणशक्तीच्या तक्रारी आणि या गटातील काही औषधांबाबत नोंदले गेलेले नैराश्य यांचा उल्लेख असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये स्टॅटिनच्या लेबलवर विस्मरण व गोंधळलेपणाच्या तक्रारींची नोंद घालायला लावली आणि त्या सहसा गंभीर नसतात व औषध थांबवल्यावर ओसरतात, हेही नमूद केले. त्याच वेळी रक्तातील साखर किंचित वाढण्याचा इशाराही जोडला गेला. म्हणजे रेणू तोच, पण तिकडच्या रुग्णाला जे वाचायला मिळते ते सोलापूरच्या रुग्णाच्या हाती येईपर्यंत कात्रीत सापडते.

या शंकेची सुरुवात स्टॅटिनच्या नव्हे, त्याआधीच्या उपचारांच्या चाचण्यांतून झाली. १९९० साली मल्डून, मॅनक आणि मॅथ्यूज या अमेरिकी संशोधकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कोलेस्टेरॉल कमी करण्याच्या सहा जुन्या चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण छापले. त्या चाचण्यांत आहार आणि स्टॅटिनपूर्व काळातील औषधे वापरलेली होती. हृदयविकाराचे मृत्यू कमी होण्याकडे कल दिसला, पण एकूण मृत्यू कमी झाले नाहीत, कारण अपघात, आत्महत्या आणि हिंसाचार यांतून झालेले मृत्यू उपचार घेणाऱ्या गटात अधिक भरले. दोन वर्षांनी एंगलबर्ग यांनी लॅन्सेटमध्ये त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण मांडले: रक्तातले कोलेस्टेरॉल उतरले की मेंदूतील पेशींच्या आवरणातलेही उतरत असावे, त्यामुळे सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाचे रिसेप्टर कमी उघडे पडत असावेत, आणि आवेग आवरण्याची जी शक्ती सेरोटोनिनवर अवलंबून असते ती ढिली पडत असावी. उत्तर कॅरोलिनात कॅप्लन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांवर केलेले प्रयोग या कल्पनेला पूरक ठरले; ज्या माकडांच्या खाद्यात कोलेस्टेरॉल कमी होते ती एकमेकांशी जास्त आक्रमक वागली आणि त्यांच्या मेंदू-मेरुद्रवात ५-एचआयएए हा सेरोटोनिनच्या विघटनातून उरणारा पदार्थ कमी आढळला.

या साखळीतली मला सर्वांत रंजक वाटलेली कडी मात्र अमेरिकेतली नाही. ती आपल्याकडून रेल्वेने पाच-सहा तासांवर असलेल्या हैदराबादच्या सीसीएमबी, म्हणजे पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातली आहे. तेथे अमिताभ चट्टोपाध्याय आणि त्यांच्या गटाने अनेक वर्षे सेरोटोनिन-१ए या एकाच रिसेप्टरचा पिच्छा पुरवला. हा रिसेप्टर पेशीच्या आवरणात सात वेळा आत-बाहेर ओवलेला असतो आणि त्या आवरणात कोलेस्टेरॉलचे रेणू त्याला खेटून बसलेले असतात. बैलाच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस भागाची आवरणे वेगळी काढून, सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या कडीसारख्या शर्करारेणूने त्यांतले कोलेस्टेरॉल उपसले, तेव्हा रिसेप्टरची आपल्या रेणूला धरण्याची क्षमता घटली. पण हे झाले घाईघाईने केलेले उपसणे. औषध घेणाऱ्याच्या शरीरात असे घडत नाही. म्हणून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी मानवी सेरोटोनिन-१ए रिसेप्टर असलेल्या पेशी मेव्हास्टॅटिनच्या, म्हणजे एंडो यांच्या त्याच कॉम्पॅक्टिनच्या, सान्निध्यात वाढवल्या आणि कोलेस्टेरॉल सावकाश कमी होऊ दिले. आवरणावरील रिसेप्टरची संख्या तेवढीच राहिली, तरी त्यांची रेणू धरण्याची आणि संदेश आत पोहोचवण्याची क्षमता लक्षणीय घटली. त्या पेशींना सीरममधून पुन्हा कोलेस्टेरॉल मिळू लागताच क्षमता परत आली. संख्या न बदलता काम बदलते आणि ते परत सुधारते, हा निष्कर्ष वाचून माझ्यातला जुना शिक्षक सुखावला. इतका स्वच्छ प्रयोग वर्गात फळ्यावर मांडायला मिळाला असता तर पोरे तास संपल्यावरही बसली असती.

परंतु त्या पेशी चिनी हॅम्स्टरच्या अंडाशयातल्या होत्या आणि त्या काचपात्रात होत्या, हे विसरून चालणार नाही. त्या प्रयोगापासून माझ्या रिक्षावाल्यापर्यंत थेट रस्ता काढणे म्हणजे मधला सगळा मेंदू वगळणे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असले तरी शरीरातील कोलेस्टेरॉलपैकी जवळजवळ पाचवा ते चौथा हिस्सा तिथे असतो, आणि तो हिस्सा मेंदू स्वतः तयार करतो. रक्तातले एलडीएल रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ओलांडून आत जात नाही. त्यामुळे रिपोर्टवरचा १६४ चा आकडा ९३ झाला म्हणून मेंदूतला साठाही त्याच हिशेबाने उतरला, असा अर्थ होत नाही. प्रश्न उरतो तो औषध स्वतः ती भिंत ओलांडते का, हा. स्निग्ध पदार्थांत विरघळणारी सिम्व्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि काही प्रमाणात अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ही औषधे पाण्यात विरघळणाऱ्या प्राव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिनपेक्षा आत शिरण्याची शक्यता अधिक असते. गोळी बदलून पाहण्याचा सल्ला डॉक्टर देतात, त्यामागे हे एक कारण असते.

माणसांवरच्या चाचण्यांत काय दिसले? मोठ्या चाचण्यांनी भीती बरीचशी ओसरवली आहे. ज्या स्कँडिनेव्हियन चाचणीचा उल्लेख वर केला तिच्यात आत्महत्या किंवा हिंसाचारातून होणारे मृत्यू वाढलेले दिसले नाहीत, आणि प्राव्हास्टॅटिनच्या लिपिड या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील चाचणीतही रुग्णांच्या मानसिक स्वास्थ्यावर वाईट परिणाम आढळला नाही. स्वीडनमधील दहा लाखांहून अधिक स्टॅटिन घेणाऱ्यांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्याच व्यक्तीच्या गोळी घेण्याच्या आणि न घेण्याच्या काळांची तुलना केली असता, गोळीच्या काळात नैराश्याचे निदान थोडे कमीच आढळले आणि आत्मघाती वर्तनाशी स्पष्ट संबंध दिसला नाही. यावरून स्टॅटिन हे नैराश्यावरचे औषध ठरेल अशीही आशा काहींना वाटली होती, कारण दाह कमी करणे हाही त्याचा एक गुण आहे. पण पाकिस्तानातील पाच केंद्रांत, औषधांना दाद न देणारे नैराश्य असलेल्या १५० रुग्णांवर सिम्व्हास्टॅटिन वापरून पाहिले, तेव्हा ते औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही, असे २०२३ साली जाहीर झाले. वाईट नाही आणि औषधही नाही, अशा मधल्या जागी गाडी थांबते.

याच चाचण्यांच्या गर्दीत एक अशी आहे जी सरासरीच्या आड दडलेले माणूस शोधते, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची. कॅलिफोर्नियातील बिआट्रिस गोलोम्ब यांनी हजाराहून थोड्या अधिक स्त्री-पुरुषांना सहा महिने सिम्व्हास्टॅटिन २०, प्राव्हास्टॅटिन ४० किंवा नकली गोळी देऊन त्यांच्या आक्रमक वागण्याची मोजणी केली. २०१५ मध्ये छापलेल्या त्या निष्कर्षांत पुरुषांची आक्रमकता एकंदरीत कमी झाली आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांची वाढली. शिवाय सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्या ज्या पुरुषांची झोप बिघडली, त्यांच्यात आक्रमकता वाढण्याकडे कल होता. म्हणजे ‘स्टॅटिनने माणूस चिडका होतो का’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. बहुतेकांना काहीच होत नाही, काहींचा पारा खाली येतो आणि थोड्यांचा वर चढतो, आणि झोप हा त्यातला पहिला खुणेचा दगड दिसतो. आपल्याकडे मात्र घरातल्या बाईने चिडचिड होते म्हटले की ‘वयाचा परिणाम’ म्हणून विषय मिटवला जातो. कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्या बहिणी, वहिनी आणि काकू ज्यांच्या घरात आहेत, त्यांनी या चाचणीतला स्त्रियांविषयीचा निष्कर्ष तरी लक्षात ठेवावा.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कमी कोलेस्टेरॉल आणि उदासी एकत्र दिसली म्हणजे पहिल्यामुळे दुसरी आली असे होत नाही. उदास माणूस नीट जेवत नाही, वजन उतरते, त्याबरोबर कोलेस्टेरॉल उतरते, आणि यकृताचे दुखणे किंवा दारू दोन्ही गोष्टी एकदम करू शकते. शिवाय अपेक्षेचा परिणाम असतोच. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सॅमसन चाचणीत, त्रासामुळे स्टॅटिन सोडून दिलेल्या साठ जणांना काही महिने अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन, काही महिने नकली गोळी आणि काही महिने रिकामी बाटली देण्यात आली. कोणत्या महिन्यात खरी गोळी आहे हे त्यांना माहीत नव्हते. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जो त्रास झाला त्याचा नव्वद टक्के भाग नकली गोळीच्या महिन्यांतही झाला. तक्रार खोटी नव्हती, ती गोळीतल्या रेणूतून आलेली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून असे लेख वाचून, हा लेखही त्यात आला, जो आपल्या चिडचिडीकडे पाहू लागेल त्याला ती सापडेलच. माझ्या मते तरीही रुग्णाला अंधारात ठेवण्यापेक्षा हा धोका परवडतो.

माझ्या बाबतीत गोळीवर दोष ठेवता येईल इतका पुरावा नाही. ज्या काळात माझा आवाज चढला तो एप्रिल-मेचा होता, पारा बेचाळीसच्या पुढे, नळाला पाणी काही दिवसांआड आणि रात्री वीज गेली की गच्चीवर चटई. असल्या दिवसांत सोलापुरात संतसुद्धा रिक्षावाल्याशी भांडेल. ज्यांच्याकडे मी दाखवतो त्या डॉक्टर मॅडमनी मात्र शांतपणे ऐकून घेतले आणि सौभाग्यवतींना बाहेरून आत बोलावून त्यांनाच आधी विचारले, हे मला फार भावले. मला झटका वगैरे कधी आलेला नसल्यामुळे त्यांनी आपल्या देखरेखीखाली काही आठवडे गोळी थांबवून पाहिली, थायरॉइडची तपासणी करून घेतली, कारण थायरॉइड मंदावले तरी कोलेस्टेरॉल वाढते आणि मनही मलूल होते, आणि मग रोसुव्हास्टॅटिन १० सुरू केली. झोप सुधारली. तोवर पाऊसही सुरू झाला होता, त्यामुळे श्रेय कुणाला द्यायचे हे मी ठरवत बसलो नाही.

आता खरेदीविषयी. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन ही राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असल्यामुळे तिच्या किमतीवर सरकारची कमाल मर्यादा आहे, आणि जनऔषधी केंद्रात तीच गोळी नावाजलेल्या कंपनीच्या गोळीपेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. या योजनेतली औषधे ५० ते ९० टक्के स्वस्त असतात असा सरकारचा दावा आहे आणि माझ्या बिलांवरून तो मला अतिशयोक्त वाटत नाही. माझ्या रिपोर्टमध्ये महागड्या आणि स्वस्त गोळीचा फरक दिसला नाही. तिथे पट्टी सहसा अखंड मिळते, त्यामुळे तारीख आणि बॅच क्रमांक आपल्याकडे राहतात. गोळी थंड व कोरड्या जागी ठेवायची असते, तेव्हा आपल्या उन्हाळ्यात ती स्कूटरच्या डिकीत किंवा पश्चिमेच्या खिडकीत विसरू नये.

दुकानदाराने स्वतःहून सांगायला हव्यात अशा आणखी दोन गोष्टी आहेत. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक घशासाठी किंवा छातीसाठी सुरू झाले तर अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि सिम्व्हास्टॅटिनची रक्तातली पातळी वाढते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकाच काउंटरवर येतात, म्हणून हे पकडण्याची जागा काउंटर हीच आहे. दुसरी गोष्ट ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लाल यीस्टच्या तांदळाची. त्यातला मोनॅकोलिन-के हा पदार्थ म्हणजे लोव्हास्टॅटिनच आहे. मनावर परिणाम नको म्हणून गोळी सोडून ही कॅप्सूल घेणारा माणूस त्याच दारातून, मात्रा न मोजता, परत आत येतो. फळांच्या बाबतीत पत्रकांवरचा इशारा चकोतऱ्याच्या जातीच्या ग्रेपफ्रूटविषयी असतो. आपल्याकडच्या डाळिंबाविषयी तो छापलेला नसतो, तरी ‘डाळिंब चालेल का’ हा प्रश्न मी त्याच काउंटरवर ऐकला आहे आणि त्याला तीन गिऱ्हाइकांनी तीन उत्तरे दिली.

स्वभावात किंवा झोपेत बदल जाणवला तर डॉक्टरांना सांगण्याखेरीज त्याची नोंदही करता येते, हे फारच थोड्यांना माहीत आहे. भारताच्या औषधदक्षता कार्यक्रमाचा १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक त्यासाठी आहे, आणि रुग्णाने स्वतः भरायचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे. अर्जात औषधाचे नाव, मात्रा, कधी सुरू केले आणि त्रास कधी जाणवला हे भरावे लागते, शिवाय औषधाच्या मुदतीची तारीखही मागितली जाते. कापलेली पट्टी घरी आणणाऱ्याला तो रकाना मोकळाच सोडावा लागेल.

गोळी बदलायची झाल्यास रोसुव्हास्टॅटिन सर्वांनाच सोयीची आहे असे समजू नये. मूत्रपिंडाचा विकार बळावलेला असेल तर तिची मात्रा मर्यादित ठेवावी लागते, अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनची मात्रा मात्र त्या कारणासाठी कमी करावी लागत नाही. त्यामुळे मधुमेहातून मूत्रपिंडावर ताण आलेल्या आमच्या फिरायच्या गटातल्या एका स्नेह्यांना मॅडमनी जुनीच गोळी, सकाळच्या वेळेला, चालू ठेवायला सांगितली आहे आणि मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिन दर तीन महिन्यांनी तपासून घ्यायला सांगितले आहे.